जिन आमची, हुकूम अकोल्याचा

ता. ९ नोव्हेंबर, अमरावती
सह्या झाल्या. आमची कापसाची जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, नि अकोल्याच्या शेठजींची, दोन्हींचा कारभार आता एका कमिटीकडे. मसुदा माझा. थोरल्या भावानं, दादांनी, न वाचताच सही केली. "तू वकील हायेस. तू पाह्यलं ना? झालं मंग."

ता. २१
कमिटीचं पत्र. यंदा अमरावतीची जिन बंद, कापूस अकोल्यास पाठवावा. कमिटीत आमचं मत एक, त्यांची दोन. कलम मीच घातलेलं. वाटलं होतं, भांडणात काम अडू नये.

ता. २२
फाटकाशी बाया. सरकी निवडणारी सुंदराबाई म्हणाली, "बाबू, भोंगा काहून नाई वाजला?" कोर्टाची वेळ झाली, असं सांगून निघालो. आज कोर्टाला सुट्टी.

ता. ४ डिसेंबर, अकोला
शेठजींनी आग्रहानं जेवू घातलं. विचारलं, बंद आमचीच का? "वकीलसाब, कलम तुमीच लिवलं ना!" हसले. मीही हसलो. का हसलो?

ता. १७, अमरावती
अकोल्याची जिन तुंबली. आमच्या आवारात कापसाच्या गाड्या खोळंबल्यात, आभाळ भरलेलं. तार केली, बॉयलर पेटवू का? उत्तर नाही. बशीर मिस्त्री: "बॉयलर आपला, अन् परवानगी त्याहिची?"

ता. १८
सकाळी भोंगा! दादांनी मला न विचारता बॉयलर पेटवला. बाया धावत आल्या. दुपारी तार. ताबडतोब बंद करा, करारभंग. दादांना दाखवली. "तूच सांग बशीरले." सांगितलं. पट्टे थांबले. सुंदराबाई पदर झटकून माझ्या शेजारून गेली.

ता. १९
पाऊस. गाड्या भिजल्या. अकोल्यानं ओला कापूस नाकारला.

ता. २ जानेवारी
कमिटीचा ठराव. दादांनी जिनचा कारभार सोडावा, त्यांच्या जागी मी. न मानल्यास बॉयलर उचलून अकोल्यास नेणार. करारात त्याचंही कलम आहे. दोनदा वाचलं, पळवाट नाही. लिहिताना एकही ठेवली नव्हती.

ता. ३
शेठजींचा माणूस येऊन बसलाय. त्याला ठरावावर माझी सही हवी, संध्याकाळच्या गाडीनं परतायचंय. दादांना अजून सांगितलेलं नाही. ते सकाळपासून जिनवर आहेत, बशीरला घेऊन बंद यंत्रांना तेल देताहेत. आत्ताच त्यांचा निरोप आला, "वकिलाले म्हना जेवाले थांबू नको, मले उशीर हाये."