संगमरवरी कासव

वरची वाडी, ता. पोलादपूर
११ एप्रिल २०२५

चि. दीपेशास अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. तुमच्या मुंबई मंडळाने विक्रोळीत बसून आपल्या तळ्याचा गाळ काढायचा, तळाला काँक्रीट घालायचं आणि महादेवापुढे संगमरवरी कासव बसवायचं ठरवलंत म्हणे. शाब्बास! तळं आमच्या दारात आणि ठराव तुमच्या हॉलमध्ये.

तळं आटलं की कासवं चिखलात शिरून झोपतात ती पाऊस लागेपर्यंत, हे विसरलास? लहानपणी त्यांच्या पाठीवर बोट दाबून बघायचास, चामड्यासारखी मऊ लागते म्हणून. त्या पाठीवर जेसीबीचे दात बसले तर काय उरेल? आणि काँक्रीट केलंत तर वाचलेल्यांनी पुढच्या उन्हाळ्यात शिरायचं कुठे? मशीन पाठवू नकोस, एवढंच मागते.

मुलांना पापा. लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

तुझी,
आवडीताई


विक्रोळी, मुंबई
२२ एप्रिल २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र सभेत वाचून दाखवलं. लोक पोट धरून हसले. अगं, कासव पाण्यातला प्राणी! आमच्या शेजाऱ्यांकडे काचेच्या पेटीत आहे, त्याचं पाणी रोज बदलावं लागतं. सुक्या गाळात न खाता-पिता झोपायला ते काय कुंभकर्ण आहे? असतील नसतील ती कधीच सावित्री नदीला गेली असतील.

मी मंडळाचा सचिव आहे, शब्द दिलाय. चार मेला नारळ मीच फोडणार. त्या दिवशी तोंड फुगवून बसू नकोस, कुळथाची पिठी कर. तुझ्या गुडघ्यासाठी मलम आणतो.

रागाइतकाच लोभही भरपूर असू दे.

तुझा,
दीपेश


वरची वाडी
९ मे २०२५

चि. दीपेशास आशीर्वाद.

नारळ फोडलास, फोटो काढलेस, पिठी ओरपलीस आणि दुपारची एसटी पकडलीस. पुढचं ऐक.

तू महाडलाही पोचला नसशील, तोवर जेसीबीवाल्या प्रवीणने पहिला गाळ उपसला. त्यातून एक चपटा दगड घरंगळला. त्या दगडाने पोटाखालच्या झडपा उघडून मागचे पाय बाहेर काढले आणि डुकरासारखं नाक वर केलं. धोंडूकाका ओरडला की थांब रे, खाली आजून हायत, ती काय मेलेली नाय. पण मशीन थांबेपर्यंत दुसरं वर आलं होतं, पाठ उभी फाटलेलं. त्याने काही आवाज केला नाही. मी रडले. हेही सभेत वाचून दाखव, हसतील.

जिवंत होतं त्याला पुन्हा चिखलात ठेवलं, मेलेल्याला देवळामागे पुरलं. आणि तू फोनवर दटावल्यामुळे प्रवीण सोमवारी परत येणार म्हणतो.

तुमचं संगमरवरी कासव मात्र झकास. पाठ कडक, पाणी लागत नाही, मरायची भीती नाही. मंडळाला असंच कासव हवं. फक्त ते महादेवापुढे नाही बसवलं. तळ्यात मशीन उतरायची एकच वाट आहे, तिच्या मधोमध बसवलंय. गुरवाने पूजा केली, कमळाबाईने हळदकुंकू वाहिलं, साऱ्या वाडीने नमस्कार केला. आता ते हलवायचं नाही.

सोमवारी जेसीबी आणायचा तर देवाच्या कासवावर चाक घालावं लागेल. तसा ठराव झाला की कळव. नारळ फोडायला तूच ये.

मलम लागू पडलं. लोभ तुझ्या उत्तरापर्यंत राखून ठेवलाय.

तुझी,
आवडीताई