पोलिसांच्या अंगणातली माझी स्पोर्ट्स गाडी

दिनांक : २० मे १९९८

प्रति,
मा. ठाणेप्रमुख,
नगर पोलिस ठाणे,
सान फेर्मिन देल बाहो, सांता फे प्रांत.

विषय : अर्जदाराने घरी बांधलेल्या दोन आसनी स्पोर्ट्स गाडीचे आपल्या ठाण्याच्या आवारात चोरीपासून संरक्षण होणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे चार अर्ज. पैकी एकाचे उत्तर मिळाले, त्याबद्दल आभार.

महोदय,

मी, खाली सही करणारा ओविदिओ राक्का, वय ६८, येथील दूध कारखान्यातून देखभाल विभागाचा फिटर म्हणून निवृत्त झालो असून आपणांस सविनय कळवतो की :

१. सन १९८७ ते १९९७ या काळात मी माझ्या घराच्या मागील शेडमध्ये एक स्पोर्ट्स गाडी बांधली. सांगाडा चौकोनी नळ्यांचा, वेल्डिंग माझे. इंजिन अपघातात चेपलेल्या टॅक्सीचे, त्याची पावती आहे. बाहेरचा पत्रा कारखान्याने भंगारात काढलेल्या दुधाच्या कॅनचा असून तो मी लाकडी हातोड्याने ठोकून घडवला. आतील चामड्याचे सर्व शिवणकाम माझी पत्नी दोन्या देल्मिरा हिने केले. गाडी लाल आहे. ती सुंदर आहे, हे माझे मत नसून गावाचे आहे. माझ्या मते मागचे डावे मडगार्ड अजून दोनदा ठोकायला हवे.

२. अशा गाडीवर लोकांची नजर जाणार हे ओळखून मी तिच्या संरक्षणाची व्यवस्था केली होती. स्टिअरिंगचे चाक काढून मी घरात नेत असे व स्वयंपाकघरात लसणाच्या माळेशेजारी टांगत असे. गिअरच्या दांड्याला एक खीळ होती. विजेचा एक गुप्त खटका होता. सीटच्या मागे पेट्रोल बंद करण्याचा कॉक होता. जमिनीत पुरलेल्या कडीला साखळी होती. शिवाय शेडच्या दारात आमची हंसीण असे, जी माझ्या मेहुण्यालाही आत येऊ देत नसे. त्यात तिची चूक होती असे मी म्हणणार नाही.

३. डिसेंबरमध्ये आपल्या ठाण्याचे गुन्हे प्रतिबंधक अधिकारी श्री. बासुआल्दो माझ्या घरी आले. त्यांनी सर्व व्यवस्था पाहिली, वहीत लिहून घेतली, दोन्या देल्मिराच्या हातचे तीन एम्पानाडा खाल्ले आणि म्हणाले, "दॉन ओविदिओ, अहो तुमच्याकडून सगळ्या गावाने शिकायला हवं." मला बरे वाटले. माणूस आहे, वाटणारच.

पुढील महिन्यात आपल्या ठाण्याने 'शेजाऱ्याकडून शिका' हे पत्रक छापून घरोघर वाटले. त्यात माझे नाव, पत्ता, गाडीचा फोटो आणि क्रमांक घालून काढलेली आकृती होती. चाक कुठे टांगलेले असते, खटका कुठे आहे, खीळ कोणत्या बाजूने ओढायची, हे सर्व सोप्या भाषेत दिले होते. भिजवलेला पाव टाकला की हंसीण शांत होते, ही माहितीही होती. 'आजोबा दर गुरुवारी दुपारी चार ते सात बोचास खेळायला क्लबात जातात, तरीही गाडी सुरक्षित असते,' असे शेवटी ठळक अक्षरांत छापले होते. एवढे शुद्ध छापलेले सरकारी पत्रक मी आयुष्यात पाहिले नव्हते.

४. गुरुवार दिनांक १२ फेब्रुवारी रोजी दुपारी साडेचार वाजता गाडी चोरीस गेली. ती नेणारे गृहस्थ श्री. रुफिनो माल्दोनादो, वय ५२, पूर्वी गाड्या रंगवण्याचे काम करत. त्यांनी पत्रक समोर धरून एकेक पायरी पार केली. परंतु पत्रकात पेट्रोलच्या कॉकचा उल्लेख राहून गेला होता. त्यामुळे तिसऱ्या चौकात, बेकरीसमोर, गाडी बंद पडली आणि आपल्या शिपायांनी त्यांना जागीच पकडले. त्या वेळी ते बेकरीवालीला 'जरा धक्का देता का' असे विचारत होते. आपल्या ठाण्याने केलेल्या या एका चुकीबद्दल मी कायम ऋणी राहीन.

५. यानंतर जे घडले ते आपणांस ठाऊक आहेच, पण आपल्या दप्तरात ते सापडत नाही म्हणून पुन्हा लिहितो. गाडी ताब्यात घ्यायला मी आलो तेव्हा मालकी सिद्ध करण्यास सांगण्यात आले. वाहन नोंदणी कार्यालयातील बाईंनी विचारले, "कारखान्याचं पत्र कुठंय?"

मी म्हणालो, "बाई, कारखाना म्हणजे मीच."

"मग तुमचं पत्र आणा."

मी घरी जाऊन, वरील गाडी मी बनवून ओविदिओ राक्का यांना दिली, असे पत्र टंकले व सही करून नेले. बाईंनी पत्रावरची व अर्जावरची अशा दोन्ही सह्या शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या. "या दोन सह्या फार सारख्या आहेत," त्या म्हणाल्या, "मला हे संशयास्पद वाटतं." पत्र परत मिळाले.

दरम्यान श्री. माल्दोनादो यांनी गुन्हा कबूल केला होता. परंतु गाडी कुठल्याच नोंदीत नसल्यामुळे ती कायद्याने अस्तित्वात नाही, आणि जी गाडी नाही ती चोरली कशी, या मुद्द्यावर ते चौथ्या दिवशी सुटले. गाडी मात्र संशयित म्हणून आपल्या आवारात राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी आजवर ऐकून होतो. संन्यासी दुधाच्या कॅनचा असेल असे वाटले नव्हते.

६. आपल्या आवारात गाडी ठेवल्यापासून तिचे संरक्षण पुढीलप्रमाणे झाले आहे. फेब्रुवारीत आरसा गेला. मार्चमध्ये बॅटरी गेली, नंतर जादा चाक. मी फाटकावरील हवालदार श्री. लेदेस्मा यांना विचारले. ते म्हणाले, "दॉन ओविदिओ, इथून काही चोरीला जात नाही. इथं पोलिस असतात."

मी म्हणालो, "मग आरसा?"

"तो आधीपासून नसेल."

गाडी आवारातील झाडाला साखळीने बांधण्याची परवानगी मी दुसऱ्या अर्जाद्वारे मागितली. खासगी मालमत्ता सरकारी झाडाला बांधता येत नाही, असे उत्तर आले. गाडीशेजारी खुर्ची टाकून दिवसा बसण्याची परवानगी मी तिसऱ्या अर्जात मागितली. त्यास उत्तर नाही. एप्रिलमध्ये दोन्ही पुढचे दिवे गेले आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उजवीकडची, म्हणजे चालकाशेजारची, सीट गेली. कुंपणानेच शेत खाल्ले असे मी म्हणणार नाही, कारण कुंपण असते तर तेही गेले असते.

सीटची बातमी मी दोन्या देल्मिराला दोन दिवस सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "माझी का तुझी?" मी म्हणालो, "तुझी." ती उठून अंगणातले वाळत घातलेले कपडे काढायला गेली. कपडे ओलेच होते.

७. येथपर्यंतचा मजकूर मी शनिवारी टंकला होता आणि आवारात दोन कुलपे लावण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती पुढे करणार होतो. रविवारी परिस्थिती बदलली. टंकलेला कागद वाया जाऊ नये म्हणून विषय तोच ठेवला आहे.

रविवारी सकाळी श्री. माल्दोनादो माझ्या घरी आले. हंसिणीने त्यांना ओळखले व ती पावाची वाट पाहत उभी राहिली. त्यांनी टोपी काढून माफी मागितली. मग म्हणाले, "एक सांगू का, दॉन ओविदिओ? त्या पत्रकात पेट्रोलच्या कॉकचं लिहिलंच नव्हतं. लोकांना असं अर्धवट शिकवू नये."

मी त्यांना आत घेतले. सीट गेल्याचे ऐकून त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "मी चोर आहे," ते म्हणाले, "पण मी आख्खी गाडी नेली होती. सुटे भाग काढून न्यायला फार हलकं मन लागतं." मग त्यांनी विचारले, "आवारातल्या रजिस्टरात गाडीची नोंद कशी केलीय?"

हा प्रश्न तीन महिन्यांत मला सुचला नव्हता, हे नम्रपणे कबूल करतो.

दुपारी तीन वाजता मी, दोन्या देल्मिरा व श्री. माल्दोनादो फाटकावर आलो. सोबत बॅटरी, पेट्रोलचा डबा, फेब्रुवारीतच मी काढून घरी नेलेले स्टिअरिंगचे चाक आणि आमच्या स्वयंपाकघरातील एक तिवई होती, जिचे पाय मी सकाळी कापले होते. श्री. लेदेस्मा रेडिओवर सामना ऐकत होते. मी गाडी नेण्यास आलो आहे असे त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी रजिस्टर काढले.

"नंबर?"

"नंबर नाही."

त्यांनी पाने उलटली. "नंबर नसलेली गाडी यात लिहिता येत नाही. म्हणजे ही आत आलेलीच नाही."

"मग बाहेर नेऊ का?"

त्यांनी विचार केला. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण या प्रकरणात तीन महिन्यांत कोणी विचार करताना दिसलेला हा पहिलाच प्रसंग. "गेटपास आत आलेल्या गाड्यांना लागतो," ते म्हणाले. "जी आलीच नाही तिला मी कशी अडवू? पण लवकर करा, दुसरा हाफ सुरू होतोय." फाटक त्यांनी स्वतः उघडले आणि चढावर मागून धक्काही दिला. त्यांची बदली वगैरे होऊ नये. नियम वाचून त्याप्रमाणे वागणारा आपल्या ठाण्यातील तो एकमेव माणूस आहे.

श्री. माल्दोनादो पायी निघाले आणि आम्ही दोघे खाडीच्या रस्त्याने घरी आलो. दोन्या देल्मिरा तिवईवर बसली होती. एका हाताने तिने दरवाजाची कड धरली होती आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचा रुमाल. ती या गाडीत पहिल्यांदाच बसत होती, कारण मडगार्ड नीट झाल्यावर नेईन असे मी तिला वर्षभर सांगत आलो होतो. पूल ओलांडल्यावर ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "डावीकडे ओढतेय गाडी." खरोखर ओढत होती. मी रस्त्याकडे पाहत राहिलो, कारण तिच्याकडे पाहिले असते तर गाडी आणखी डावीकडे गेली असती.

८. आता सीटविषयी. ती लाल वाइनच्या रंगाच्या चामड्याची असून दुहेरी शिवणीची आहे. तिला दोन हिवाळे लागले. दुसऱ्या हिवाळ्यात दोन्या देल्मिराच्या बोटांची पेरे सुजू लागली होती व आज तिला सुईत दोरा ओवता येत नाही, त्यामुळे दुसरी सीट होणे नाही. लाल दोरा संपल्याने खालच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर शिवण काळ्या दोऱ्याची आहे. उसवून नीट कर असे मी तेव्हा म्हणालो होतो. ती म्हणाली, "राहू दे. तिथं कोण बघायला बसलंय."

गेल्या बुधवारी माझा चौथा अर्ज घेऊन मी आपल्या दालनात आलो होतो. आपण मला उभेच ठेवलेत, त्याबद्दल तक्रार नाही. वारा येत होता म्हणून आपण खिडकी लावायला उठलात. आपली खुर्ची नवी आहे, चाकांची आहे आणि सुरेख आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर काळी शिवण आहे.

ती खुर्ची कोणी बनवून दिली हे मी विचारत नाही. आपणांस ठाऊक होते असेही म्हणत नाही. आपण फक्त तिच्यावर बसत होतात.

तरी येत्या शुक्रवारी, दिनांक २२ रोजी, सकाळी दहा वाजता दोन्या देल्मिरा राक्का सीट नेण्यासाठी आपल्या दालनात जातीने येईल. तिच्यासोबत श्री. माल्दोनादो असतील, वजन उचलण्यापुरते. त्या वेळी आपण उभे असावे, एवढीच विनंती.

आपल्या हद्दीत राहणारा व कर भरणारा,

(सही)
ओविदिओ राक्का
निवृत्त फिटर, तसेच वरील गाडीचा कारखाना

सोबत :
'शेजाऱ्याकडून शिका' पत्रक, एक प्रत, पेट्रोलच्या कॉकचा उल्लेख हाताने वाढवून.
उरलेल्या काळ्या दोऱ्याचे रीळ, पडताळणीसाठी.
तेरा नंबरचा पाना. सीट चार बोल्टांवर आहे. शुक्रवारपर्यंत सोडवून ठेवल्यास वेळ वाचेल. पाना परत करावा.