उरलेला स्क्रू

ती. बाबा,
रागावला असलात तरी आधी नमस्कार घ्या.

काकांनी सुचवलेला तो पातळ लॅपटॉप मी घेतला नाही, आणि आता बदलूनही आणणार नाही. दुकानदाराला म्हटलं, पालथा करून दाखवा. एकही स्क्रू दिसेना, सगळं चिकटवलेलं! जी वस्तू उघडता येत नाही ती घ्यायची नाही, हे तुमच्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात मला कोणी शिकवलं? म्हणून जाडजूड, जुना, पण उघडता येणारा घेतला.

त्याचा पंखा घरघरायचा. वर्गात मुली हसायच्या, म्हणून मी मागच्या बाकावर बसते. तिथूनही फळा नीट दिसतो, काळजी नको. तुमच्या हाताची थरथर कमी झाली का? आई खरं सांगत नाही.

काल मी स्वतः तो उघडून पंखा साफ केला. आवाज पार गेला. परत जोडल्यावर एक स्क्रू उरला, तरी झकास चालतोय. हसू नका. तुमचाही दर वेळी एखादा उरायचाच. तो गुपचूप खिशात टाकून गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचात, "जास्तीचा होता."

माझाही जास्तीचाच होता.

तुमचीच,
ठमी