संपूर्ण संचु

॥ श्री ॥
देशपांडे नगर, हुबळी
८ जानेवारी २०२५

ती. स्व. हेमाअक्कास,
सुधींद्रचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण फोनवर मी एक बोलतो आणि तुला भलतंच ऐकू येतं. परवा मी पाय मोडला म्हणालो, तर चहा सोडलास ते फार बरं केलंस असं तू म्हणालीस. तेव्हा पत्रच बरं. तुझी शेजारीण कविता रोज धारवाडहून लॅमिंग्टन रोडच्या शाळेत शिकवायला येते, तिच्या हाती हे देतो.

चहा चालू आहे, पाय मात्र खरोखर मोडला आहे. माळ्यावरच्या जुन्या फायली काढायला स्टुलावर चढलो आणि स्टुलासकट खाली आलो. बारा फेब्रुवारीपर्यंत प्लास्टर. वर्तमानपत्र नऊला संपतं आणि टीव्हीवरच्या मालिका जन्मात संपत नाहीत. म्हणून मनात आलं आहे की एखादी चित्रकथांची मालिका घ्यावी आणि पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत वाचून काढावी.

हसू नकोस. अण्णा आपल्यासाठी एक साप्ताहिक आणायचे, त्यात दर आठवड्याला पानभर चित्रकथा असायची, आठवते ना? तिचा नायक पुलाच्या कठड्याला एका हातानं लोंबकळत होता आणि साप्ताहिकच बंद पडलं. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आज सहासष्टचा आहे आणि तो गडी अजून लोंबकळतोच आहे. म्हणून माझी अट एकच, मालिका पुरी झालेली हवी. शेवट आहे हे तू डोळ्यांनी बघ आणि मगच पाठव. विजारीवरून चड्डी घालणारे वीर नकोत. एकतीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलंस, तेव्हा निवड तूच कर. दुकानात जाऊन या वयाच्या नवऱ्यासाठी चित्रांची पुस्तकं मागायला अर्चनाला लाज वाटते.

मेधाचं पुण्याला बरं चाललं आहे म्हणते. काय चाललं आहे ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, पुस्तकं तेवढी लवकर पाठव.
तुझा
सुधींद्र


॥ श्री ॥
धारवाड
१० जानेवारी २०२५

चि. मेधास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत तुझ्या अप्पाच्या पत्राची नक्कल आहे. आधी ती वाच, पाणी पी, मग पुढचं वाच.

वाचलंस? पुरी झालेली चित्रकथामालिका हवी म्हणतो, आणि निवड मी करायची. माझ्या कपाटात अशी एकच आहे. ‘बेलीफ भीमाप्पा’, भाग चौदा, शेवटचा भाग गेल्या महिन्यात निघालेला. लेखन आणि चित्रं अबोली. ही अबोली कोण हे मला आणि तुझ्या आईला सोडून कुणालाही माहीत नाही. सात वर्षं पोटात ठेवून माझं पोट दुखायला लागलं आहे.

माझ्याकडच्या प्रतींवर हळदीचे डाग आहेत आणि प्रत्येकीवर लाडक्या आत्यास म्हणून तू लिहिलेलं आहे. तेव्हा कोरा करकरीत संच मला पाठव. पाठवणाऱ्याच्या नावावर मी कागद चिकटवीन. नाही म्हणू नकोस. वाचकानं स्वतः मागितलेलं पुस्तक नाकारणं आमच्या धंद्यात बसत नाही.

तब्येतीला जप, मानेला तेल लाव.
तुझी
हेमाआत्या


॥ श्री ॥
पुणे
१५ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
मेधाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता ब्रश शाईऐवजी चहात बुडवला आणि तोच चहा प्यायले.

आत्या, मला भीती वाटते. वीणा मी दोन वर्षांत सोडली. कायद्याचं कॉलेज तिसऱ्या वर्षी सोडलं. चित्रकथा काढणार म्हणून सांगितलं तेव्हा अप्पा म्हणाले होते की हेही अर्धंच राहील, त्यावर माझं नाव घालू नकोस. पुरं करून दाखव, मग वाचीन. ओरडून म्हणाले असते तर विसरले असते. कोर्टात बोलतात तसं शांतपणे म्हणाले. म्हणून अबोली झाले. आता चौदा भाग पुरे झाले, तरी सांगायला तोंड उघडत नाही. मुलीचं म्हणून वाचतील, बरं आहे म्हणतील आणि ठेवून देतील. मला ते परक्याचं पुस्तक वाचतात तसं वाचायला हवे आहेत, पेन्सिल हातात घेऊन.

आणखी एक. प्रकाशक चौदा भागांचा एकत्र ग्रंथ काढणार आहेत. मुखपृष्ठावर टोपणनाव ठेवायचं की खरं, ते वीस फेब्रुवारीपर्यंत त्यांना कळवायचं आहे. माझं खरं नाव छापलेलं बघायची मला फार इच्छा आहे. पण त्यात मधलं नाव अप्पांचं आहे आणि त्यांनी नको म्हटलं आहे. ते आपणहून हो म्हणाले तरच घालीन, नाहीतर अबोलीच राहीन.

खोकं उद्या निघेल. त्यांनी मध्येच वाचणं सोडलं तर मला कळवू नकोस.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी
मेधा


॥ श्री ॥
धारवाड
२१ जानेवारी २०२५

चि. सुधींद्रास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

कविताबरोबर खोकं पाठवते आहे. बिचारीनं बसमध्ये मांडीवर घेऊन आणलं आहे, तिला चहा दिल्याशिवाय सोडू नकोस. वर संक्रांतीचा तिळगूळ आहे, तो अर्चनाचा.

चौदा भाग आहेत. शेवट आहे, मी स्वतः पाहिला आहे, कुणीही लोंबकळत नाही. कथा कोर्टाच्या बेलिफाची आहे, सायकलवरून गावोगाव समन्स बजावत फिरणाऱ्या भीमाप्पाची. दर भागात एक समन्स. पण पहिल्याच भागात त्याच्या हाती एक असं समन्स येतं की ज्यावरचं नाव पावसानं पुसलं आहे. ते कुणाचं, हे चौदाव्यात कळतं. आधी शेवट उघडलास तर तुझं कार्ड रद्द करीन.

लेखक कोण ते विचारू नकोस. पाय हलवू नकोस.
तुझी
हेमाअक्का


॥ श्री ॥
देशपांडे नगर, हुबळी
३० जानेवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
सुधींद्रचा शि. सा. न. वि. वि.

पुस्तकं मिळाली. खोकं अर्चनानं उघडलं, आणि बरोबर उंचीचं आहे म्हणून रिकामं खोकं उलटं करून माझ्या टाचेखाली सरकवलं. तेव्हापासून पाय खोक्यावर आणि मी भीमाप्पाबरोबर सायकलवर.

पाच भाग झाले. तिसऱ्या भागात भीमाप्पा समन्स दाराला चिकटवतो, पण ते कुणासमोर चिकटवलं हे कुठंच नोंदवलेलं नाही. उलटतपासणीला माझ्यापुढं आला असता तर मी ती बजावणी तिथंच उडवली असती. समासात तसं लिहून ठेवलं आहे. बाकी काम अव्वल आहे. पाचव्या भागात एक प्रतिवादी समन्स चुकवायला नारळाच्या झाडावर चढून बसतो आणि भीमाप्पा खाली बसून शांतपणे डब्यातली भाकरी खातो, संध्याकाळपर्यंत. अक्का, असंच प्रकरण माझ्या उमेदवारीच्या काळात घडलं होतं! म्हणजे लेखक आमच्या बारमधलाच. अबोली हे कुणा तरी निवृत्त वकिलाचं टोपणनाव आहे, लिहून ठेव.

आणि भाषा! भीमाप्पा तुझ्यामाझ्यासारखा बोलतो. बायको वाढू लागली की पुरे न म्हणता साकु म्हणतो, मध्येच कन्नडमध्ये शिरतो आणि परत येतो. पुण्याला छापलेलं पुस्तक आणि खाली एकही तळटीप नाही. अर्चनाला मोठ्यानं वाचून दाखवलं. आपली बोली अशी मान वर करून चाललेली पाहिली आणि माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

तू हा संच मेधाला जरूर दाखव. एखादा माणूस एक काम हाती घेतो आणि चौदा भाग पुरं करतो म्हणजे काय, ते आमच्या अर्धवटरावांना कळू दे.

सहावा भाग उघडायची घाई आहे, तेव्हा इथंच थांबतो.
तुझा
सुधींद्र


॥ श्री ॥
धारवाड
१ फेब्रुवारी २०२५

चि. मेधास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

त्याचं मूळ पत्रच पाठवते आहे. लपवायचं म्हणून दोन दिवस पिठाच्या डब्यामागं ठेवलं होतं, पण मन खाऊ लागलं. शेवटी शेवटी तुझ्याबद्दल दोन ओळी आहेत, त्या तुला लागतील. मला इतका राग आला की कविताबरोबर पाठवायची चटणी मी पाठवली नाही. पण त्याच्या वरचा मजकूर पुन्हा वाच. पेन्सिल हातात आहे त्याच्या. तुला तेच हवं होतं ना?

नाव कळवायला वीस तारखेपर्यंत वेळ आहे, आधी कळवू नकोस. मी काही बोलणार नाही. पुस्तक बोलतं आहे, त्याला बोलू दे.

डोळे पूस आणि जेव.
तुझी
हेमाआत्या


॥ श्री ॥
देशपांडे नगर, हुबळी
१३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
सुधींद्रचा शि. सा. न. वि. वि.

चौदावा भाग दहा तारखेला संपला. त्या दिवशी शेजारचे अप्पाजी, निवृत्त न्यायाधीश, पाय बघायला आले होते, त्यांना पहिला भाग दिला आणि आधी हात धुऊन या म्हणून सांगितलं.

काल प्लास्टर निघालं. पुस्तकं भरून ठेवावीत म्हणून खोकं सरळ केलं, तर इतके दिवस जमिनीला टेकलेल्या झाकणावर तू चिकटवलेला कागद आणि त्याच्या बाजूला ठसठशीत शाईत लिहिलेलं: संपूर्ण संचु, भाग चौदा.

पत्ता झाकलास, अक्का, पण हे झाकायला विसरलीस. आपल्या घरात मराठी शब्दाच्या शेपटीला उ लावणारं एकच माणूस आहे. कन्नड शाळेत शिकणारी मेधा दुसरीत पुस्तकु लिहायची, कागदु लिहायची, आणि मी लाल पेन्सिलनं तो उ खोडत बसायचो. संच म्हण, संचु म्हणजे कन्नडमध्ये कट, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल! आणि नारळाच्या झाडाची गोष्ट मी बारमध्ये कुणालाच सांगितली नव्हती. तिला गालगुंड झालं होतं तेव्हा घरी सांगितली होती.

आता बघतो तो तिचाच शब्द बरोबर निघाला. संच नव्हताच तो, संचुच होता. आरोपी तिघी, तू, ती आणि खोकं उलटं ठेवणारी अर्चना. मुद्देमाल तीन आठवडे माझ्या टाचेखाली होता आणि मी, चाळीस वर्षं उलटतपासणी घेतलेला माणूस, अबोली म्हणजे म्हातारा वकील ठरवून बसलो होतो.

अप्पाजी काल दुसरा भाग मागायला आले. लेखक कोण विचारलं. माझी मुलगी म्हणालो. त्यांना ऐकू आलं होतं, तरी पुन्हा एकदा म्हणालो.

तीस तारखेच्या पत्रातल्या तिच्याबद्दलच्या ओळी मी मागे घेतो. तो कागद मला परत कर.

रागावली असशील, पण चटणी पाठव.
तुझा
सुधींद्र


॥ श्री ॥
देशपांडे नगर, हुबळी
१५ फेब्रुवारी २०२५

चि. मेधास,
अप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मला मुलीला पत्र लिहायची सवय नाही. दावा लिहिल्यासारखं झालं तर चालवून घे.

अक्कानं चिठ्ठीनं कळवलं की माझा तो कागद तुझ्याकडं आहे. म्हणजे परत मागून उपयोग नाही. मग त्याला हा दुसरा जोडून ठेव. सात वर्षं तू काम पुरं करत होतीस. अर्धं सोडलं होतं ते मी, तुला विचारणं. काय काढतेस, कुठवर आलं, एवढं एक वाक्य मला फोनवर विचारता आलं असतं. चूक माझी आहे आणि मला तिचं वाईट वाटतं.

चौदाव्या भागात पुसलेलं नाव भीमाप्पाचंच निघतं. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभा राहिलेला माणूस आपल्याच दाराची कडी वाजवतो, मग आत जाऊन दार उघडतो, आपलं समन्स आपणच घेतो आणि सही करतो. ते पान वाचून मी चष्मा काढला आणि पुष्कळ वेळ पुसत बसलो. हे दहा तारखेला. खोकं सरळ केलं ते बारा तारखेला. तारखा मुद्दाम देतो आहे. पुस्तक मला आवडलं ते आधी, लेखिका माझी मुलगी आहे हे कळलं ते नंतर. बापानं कौतुक केलं असं कुणी म्हणालं तर हे पत्र दाखव.

अक्कानं प्रकाशकांच्या वीस तारखेचंही कळवलं. मुखपृष्ठावर मेधा सुधींद्र गलगली असं घाल. मधलं नाव गाळलंस तर मी हरकत घेईन. पूर्वी जे म्हणालो होतो ते रद्द समज. अक्षर मोठं असू दे, अप्पाजींना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.

शुद्धलेखनाच्या तीन चुका आणि कायद्याची एक सापडली, यादी वेगळी पाठवतो. खोक्यावरच्या उ-ला मात्र मी लाल पेन्सिल लावलेली नाही. तेवढा पुठ्ठा कापून त्याला चौकट करून घेतली आणि बाहेरच्या खोलीत माझ्या सनदेशेजारी लावली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती चूक दाखवतो आणि चौदा भागांची गोष्ट सांगतो. अर्चना म्हणते, आता साकु.

उन्हाळ्यात ये. खाली पोच देतो आहे, भीमाप्पा देतो तशीच.

चौदा भागांचा संपूर्ण संचु मला मिळाला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी स्वतः वाचला. मजकूर समजला. तक्रार नाही.

सही: सुधींद्र बाळाचार्य गलगली
समक्ष: सौ. अर्चना
घेणाऱ्याचं लेखिकेशी नातं: वडील