नानांची बरोबरची खूण

मंगळवार, संध्याकाळ

आमची कुत्री ठकी अजून डॉक्टरांकडेच, सलाइनवर. मूत्रपिंडांना किती इजा झाली, ते उद्याच्या रक्ततपासणीत कळेल.

तिची सांधेदुखीची गोळी दिवसातून एकच. नाना, माझे सासरे, विसरतात म्हणून मीच फ्रिजवर कागद लावला. गोळी दिली की त्यावर बरोबरची खूण करायची. "घरात शाळा उघडलीस की," म्हणाले होते. आज त्यांनी गोळी दिली, खूणही केली. मी कागदाकडे पाहिलंच नाही. विसरले असणार, हे धरूनच चालले आणि तूप लावलेल्या पोळीतून दुसरी दिली. ठकीने शेपूट हलवत खाल्ली. दुपारी उलट्या सुरू झाल्या, तेव्हा कुठे कागदावरची खूण पाहिली.

"दोनदा कोणी दिली?" दोन गोळ्या गेल्याचं ऐकून डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "मीच. वय झालं, लक्षात राहत नाही."

आणि मी गप्प बसले. का?

रिक्षात विचारलं, "नाना, असं का सांगितलंत?"

"माझ्या विसरण्यावर सगळ्यांचा पटकन विश्वास बसतो. तुझ्यासकट."

फ्रिजवर ती खूण आहे. ठळक, दोनदा गिरवलेली. उद्या डॉक्टरांना खरं सांगायचं. नानांच्या समोर.