पिशवीतला हिरवा दिवा

शोदोशिमा,
शेवया वाळायचे दिवस

प्रिय कानाए,

तुझा निरोप मिळाला. सोमेनचा खोका पोचला, कामाच्या गडबडीत कळवायला उशीर झाला, ओसाकात थंडी कडक आहे आणि नववर्षालाही सुट्टी मिळेलसं दिसत नाही, असं लिहिलंस. बरं. इकडे अंगणात सोमेनच्या शेवया दांड्यांवर ताणून लावल्या आहेत आणि वारा चांगला कोरडा सुटलाय. बाबांचा खांदा दुखतो. ते दुखत नाही म्हणतात आणि चहाचा पेला डाव्या हाताने उचलतात. मीही विचारत नाही, कारण विचारलं की ते मुद्दाम उजव्या हाताने उचलतात आणि चहा चटईवर सांडतो.

तुझं जुनं खेळायचं यंत्र अजून माझ्या पिशवीत असतं. आठवतं ना, शाळेत असताना तू ते माझ्या गळ्यात कसं घातलंस? दोन यंत्रं एकमेकांजवळून गेली की पिशवीत मिटलेली असली तरी त्यांच्या पडद्यावरच्या बाहुल्या एकमेकींना नमस्कार करतात, मालकाचं गाव आणि त्याने लिहिलेली एक ओळ सांगतात आणि हिरवा दिवा लागतो. पण आपल्या बेटावर तुला भेटणार कोण? वर्गातली तीच ती पोरं. म्हणून मी गुडघा दाखवायला बोटीने ताकामात्सुला निघाले की तू ते पिशवीत टाकायचीस आणि बजावायचीस, “आई, फक्त जवळ ठेव, उघडू नकोस. तू काहीतरी दाबशील.” परत आले की मी बूट काढायच्या आत तू पिशवीवर झडप घालायचीस. आधी पिशवी, मग आई! ओसाकाला जाताना तू नवीन घेतलंस आणि जुन्यात माझी बाहुली करून दिलीस, केसांचा अंबाडा आणि आठ्या घातलेली. मी खरंच इतकी रागीट दिसते का, असं बाबांना विचारलं तर ते उठून अंगणात गेले.

तू गेल्यावर मी उगीचच ते नेत राहिले. मग सवय लागली. मांजराची टोपी घातलेला एक मुलगा मला ताकामात्सुच्या धक्क्यावर अधूनमधून भेटायचा, म्हणजे त्याची बाहुली. आधी त्याने लिहिलं होतं, ‘उद्या गणित.’ मग, ‘नापास झालो.’ बऱ्याच दिवसांनी, ‘नोकरी लागली.’ त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही, पण तो नापास झाला तेव्हा बोटीत मला घास गोड लागला नाही. त्याला मी कधी काही विचारलं नव्हतं, आणि तो आपणहून सांगत गेला. तुला मात्र मी रोज विचारायचे, जेवलीस का, काम कसं आहे, साहेब ओरडत नाहीत ना. आणि तू रोज म्हणायचीस, छान. या वयात मला एवढी अक्कल आली, तीही एका खेळण्याकडून. आता फारसं कोणी असली यंत्रं बाळगत नाही. दिवा लागायचा जवळजवळ बंदच झालाय.

मागच्या महिन्यात तो लागला.

ताकामात्सुच्या धक्क्याजवळ, उदोनच्या जाड शेवया मिळतात त्या दुकानात मी वाडगा संपवला, पिशवी उचलली तर आत हिरवं दिसलं. बोटीत बसल्यावर उघडलं. लाल टोपी, गालावर तीळ. तू होतीस. तू सुट्टीला यायचीस तेव्हा खाली गावाच्या जागी नेहमी ओसाका असायचं, तिथे आता कागावा होतं, आपलाच प्रांत. आणि ‘मजेत!’ होतं तिथे ‘हळूहळू’. मी मान वळवून पाहिलं, पण बोट धक्क्यापासून लांब आली होती. तू त्या दुकानाच्या आसपासच असणार. माझी जांभळी शाल तर आंधळ्यालाही दिसेल अशी आहे. म्हणजे तू मला पाहिलंस आणि हाक मारली नाहीस. वाईट वाटलं गं, खोटं कशाला बोलू. आणि हसूही आलं. खेळण्याशीसुद्धा तुला खोटं बोलवलं नाही, गाव इमानाने बदललंस. थापा सगळ्या आईच्या वाट्याला.

बाबांना सांगितलं. ते बराच वेळ शेवया काठीने सुट्या करत राहिले. पुढच्या आठवड्यात म्हणाले, दोरी आणायला ताकामात्सुला जातो, ते तुझं डबडं कुठे आहे? कोटाच्या आतल्या खिशात घालून गेले. शेवटच्या बोटीने परत आले. दोरी आणली नव्हती, दिवाही लागला नव्हता. डबडं माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “पोर पडली असेल तर पडू दे. पण परक्या दारात का पडून राहिलीय?”

मला कारण ठाऊक आहे असं वाटतं. तू निघालीस त्या दिवशी सगळी आळी धक्क्यावर आली होती. असल्या यंत्रांवरच्या खेळांची चित्रं काढायला आपली कानाए मोठ्या शहरात चाललीय, म्हणून प्रत्येकाने कागदी पट्टीचं एक टोक हातात धरलं होतं आणि दुसरी टोकं बोटीवर तुझ्या मुठीत होती. एवढ्या रंगीत पट्ट्यांनी निरोप घेतल्यावर रिकाम्या हाताने परत कसं यायचं, हेच ना? अगं, बोट सुटली की त्या तुटायच्याच असतात. त्या दिवशी संध्याकाळी बाबा आणि मी त्यांचे तुकडे झाडून घरी आलो, तेव्हाही तू आमचीच होतीस.

काम सुटलं की तू सोडलंस, की दुसरंच काही झालं, हे मी विचारणार नाही. तुला शोधत गल्लोगल्ली फिरणारही नाही. हे पत्र ओसाकाच्याच पत्त्यावर टाकते आहे. तुझा सोमेनचा खोका पोस्टाने तिथून तुझ्या नव्या पत्त्यावर पोचवला असणार, तसं हेही पोचवतील. खरं तर पत्र लिहिणारच नव्हते, दिव्याची वाट बघत राहिले असते. पण परवा यंत्राची बॅटरी फुगली आणि झाकण वर आलं. दुकानदार म्हणाला, ही बॅटरी आता मिळत नाही. बाबांनी ती चिमट्याने काढून अंगणात एका कौलाखाली ठेवली. मी शनिवारी त्याच दुकानात असेन, जांभळी शाल घेऊन, शेवटची बोट सुटेपर्यंत. तू जवळून गेलीस तरी या खेपेला माझ्या पिशवीत काही लागणार नाही. हाक तुलाच मारावी लागेल.

तुझीच, आठ्या घातलेली,
आई