दोनशे चौदा तुकड्यांचं अंतराळयान

३ मार्च, सकाळी ९
लेकीने दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला दिलेला स्पेसशिपचा किट आज उघडला. तुकडे २१४, आत लागणारे दिवे १२. लेक २८ला नोकरीसाठी परदेशी चालली आहे. परवा म्हणाली, बाबा, तुम्ही हाती घेतलेलं एक तरी काम पूर्ण झालेलं मला बघायचंय. बघेल. दहा दिवस पुष्कळ झाले. माहितीपुस्तक बाजूला ठेवलं. ते नवशिक्यांसाठी असतं.

७ मार्च
तुकडे जोडले : दोन. तिसरा अंगठ्याला चिकटला. बायको म्हणाली, राहू दे तसाच, निदान एक तरी पक्का बसला. दुर्लक्ष केलं.

१२ मार्च
खिडक्या. बारीक ड्रिलने १४६ भोकं पाडायची आहेत. ३१ झाली. सारखी नाहीत. यानातली माणसं तरी कुठे एका उंचीची असणार?

१६ मार्च, दुपार
लेक दाराशी आली. मी पण बसू का, म्हणाली. नको म्हटलं, सरप्राइज आहे. थोडा वेळ उभी राहिली, मग बॅग भरायला गेली. पोरीला उत्सुकता फार.

२० मार्च
यानावर गंजाचे डाग रंगवले. डिटेलिंग म्हणतात याला. बायकोने ओल्या फडक्याने पुसून टाकले. धूळ होती म्हणे. एका अर्थी ही दादच.

२४ मार्च, सकाळी ११
दिवे लागले! बाराच्या बारा. त्या आनंदाच्या भरात वरचा-खालचा भाग चिकटवून यान बंद केलं. बायकोने विचारलं, दिवे बंद कसे करायचे? बटण आत राहिलं. बॅटरीही आत. खरं यान कधी बंद करतात का, असं तिला सुनावलं. लेक मैत्रिणींकडे गेली आहे, २७ला येईल. तोवर दिवे सहज टिकतील.

२६ मार्च
उजेड सौम्य झाला आहे. सूर्यापासून लांब गेल्यावर असाच दिसत असणार.

२७ मार्च, सकाळी ८
फक्त इंजिन लाल दिसतंय. लेकीला फोन केला, लवकर ये म्हटलं. कारण सांगितलं नाही.

२७ मार्च, संध्याकाळी ६
आली. पडदे ओढून तिला यानासमोर बसवलं. म्हटलं, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, छान झालंय बाबा. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तिला असंच म्हणायचो.

२८ मार्च, दुपारी ३
लेकीला विमानतळावर सोडून आलो. यान तिच्या बॅगेत मावलं नाही.
चिकटवलेलं कसं उघडायचं ते बघायला माहितीपुस्तक पहिल्यांदाच काढलं. पहिल्याच पानावर ठळक छापलंय : दोन्ही भाग चिकटवण्याआधी बटण बाहेर काढून घ्यावे. त्याखाली पेनाने, लेकीचं अक्षर, दोन वर्षांपूर्वीची तारीख : बाबा, मी नसताना सुरू करू नका, आपण दोघं मिळून करू.
पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. चिकटवलेलं उघडत नाही.